सुधारून मिळेल

माझ्या बाबांनी फ्रान्समधल्या आठ माणसांची नाकं सरळ केली, तीही चार दिवसांत. मी तेव्हा उमरेडला आत्याच्या नातीच्या लग्नात पंगतीत वांग्याची भाजी वाढत होते.

सोमवारी दुपारी नागपूरला, तांडापेठेतल्या घरी परतले. एका पायातली चप्पल काढली आणि दुसरी काढायची राहूनच गेली. समोरच्या खोलीत भिंतीला टेकवून आठ कॅनव्हास ओळीने उभे होते. मी गेले तेव्हा त्यात एक वकील होता, ज्याचं नाक हनुवटीच्या भेटीला आलं होतं. एक शेठ होता, ज्याचं पोट त्याच्या आधी दारातून आत शिरत होतं. पेशंटच्या छातीवर गुडघा रोवून दाढ उपटणारा एक दंतवैद्य होता. आणि नाटकगृहाच्या वरच्या गॅलरीत बसून सगळी बत्तिशी दाखवत हसणारी एक बाई होती. आता त्यांच्या जागी आठ सज्जन बसले होते. नाकं सरळ, गाल भरलेले, दोन्ही डोळे एका मापाचे, ओठांवर जरासा गुलाबी हात. पतसंस्थेच्या हॉलमध्ये संस्थापकांच्या तसबिरी लावतात ना, अगदी तसे. शेठचं पोट कोटाच्या गुंड्यांत नीट बसवलं होतं.

बाबा खाटेवर बसून फडक्याने ब्रश पुसत होते. चेहरा असा, की नातवाचं बारसं उरकून बसले आहेत.

"झालं तुहं काम," ते म्हणाले. "पाह्य, कसे दिसून राहिले आता."

ज्या डॉक्टरांच्या दवाखान्यासाठी ही चित्रं होती, त्याचं उद्घाटन येत्या रविवारी होतं आणि आज सोमवार होता. दीड महिन्याच्या माझ्या संध्याकाळी, माझे सगळे रविवार, त्या गुलाबी ओठांखाली गाडले गेले होते. मी एका चपलेवर तशीच उभी राहिले.

हे डॉक्टर मला मिळाले ते कामाच्या जागी. सीताबर्डीत एका फ्लेक्सच्या दुकानात मी कॉम्प्युटरवर बसते. काम एकच, चेहरे. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मधे भाऊंचा मोठा चेहरा आणि खाली शुभेच्छुकांचे बोराएवढे तीस चेहरे. भाऊंना गोरं करायचं, गळ्याखालची वळी उडवायची, डोळ्यांखालचं काळं पुसायचं. शुभेच्छुकांनाही जमेल तेवढं. हे दात-डॉक्टर रामदासपेठेतल्या नव्या जागेसाठी बोर्ड करायला आले होते. मशीन चालू होतं म्हणून त्यांना थांबावं लागलं आणि बिलाच्या पाठीमागे मी पेनने काढलेलं आमच्या मालकाचं डोकं त्यांनी पाहिलं. ते हसले. मला वाटलं, आता मालकाला दाखवतात. पण दुसऱ्या दिवशी ते टॉवेलमध्ये गुंडाळलेलं एक जाडजूड पुस्तक घेऊन आले.

कॉन्फरन्सला पॅरिसला गेले असताना नदीकाठच्या जुन्या पुस्तकांच्या टपरीवरून त्यांनी ते घेतलं होतं. एकोणिसाव्या शतकातल्या एका टवाळखोर साप्ताहिकाचे अंक एकत्र बांधलेले. पानं चहाच्या रंगाची, वास जुन्या गादीचा. दर अंकात एक पानभर चित्र, त्याखाली दोन ओळी. मंत्री, वकील, घरमालक, डॉक्टर, कोणालाच सोडलेलं नव्हतं. फ्रेंच डॉक्टरांनाही येत नव्हतं. ते खालच्या ओळींवर फोन धरायचे आणि फोन काहीतरी अर्धवट मराठी सांगायचा. पण चित्रांना ओळींची गरजच नव्हती. तो दाढ उपटणारा पाहिला आणि मला दुकानात सगळ्यांसमोर हसू फुटलं. हात तोंडावर गेला, तो नेहमीचाच.

"प्रिंट नको," डॉक्टर म्हणाले. "प्रिंट सगळ्याच दवाखान्यांत असतात. हाताने काढलेलं हवं, मोठं हवं, रंगीत हवं. आणि ताई, अगदी असंच वाकडं हवं. पेशंट जीव मुठीत धरून बसलेला असतो. त्याला हसू आलं पाहिजे."

असंच वाकडं हवं. नोकरीच्या एवढ्या वर्षांत असं कोणी मला म्हटलं नव्हतं. त्या दिवशी गाडीवरून घरी येताना मी सिग्नलला थांबलेल्या माणसांची नाकं बघत आले.

चित्रं मोठी करायची रीत बाबांचीच. ते मूळचे उमरेडचे, विणकराच्या घरचे. त्यांचे वडील लुगड्याच्या काठाची नक्षी आधी चौकडीच्या कागदावर उतरवायचे, एक चौकोन म्हणजे एक धागा. माग बंद पडले तेव्हा बाबा नागपूरला आले आणि हातात ब्रश धरला. पण चौकडी सोडली नाही. दुकानांच्या पाट्या, पुढाऱ्यांची कटआउट आणि मुख्य म्हणजे घरोघरच्या गेलेल्या माणसांच्या तसबिरी, सगळं त्यांनी चौकडीवर काढलं. सीताबर्डीच्या एका बोळात त्यांची फळ्यांची टपरी होती. तिच्यावर त्यांच्याच वळणदार अक्षरांत लिहिलेलं असायचं : फोटोवरून सुधारून तैलचित्र मिळेल.

सुधारून. हा त्यांच्या धंद्याचा शब्द. लोक आजोबांचा रेशनकार्डावरचा फोटो घेऊन यायचे. आजोबांचा एक डोळा चकणा, गालफडं बसलेली, दाढी चार दिवसांची. बाबा आधी चौकडी मारून पेन्सिलीने चेहरा जसा आहे तसा उतरवायचे, अगदी चामखीळसुद्धा. मग रंग लावताना एकेक गोष्ट दुरुस्त करत जायचे. डोळा सरळ, गाल भरलेले, खांद्यावर उपरणं. घरचे लोक तसबीर न्यायला आले की बघून रडायचे आणि म्हणायचे, हुबेहूब. लहानपणी मी टपरीत बसून हे अनेकदा पाहिलंय. एकदाही कोणी म्हटलं नाही की आमच्या आजोबांचा डोळा चकणा होता.

फ्लेक्स आले आणि टपरी गेली. बाबांनी ब्रश रॉकेलने धुऊन डब्यात ठेवले. मी फ्लेक्सवाल्याकडेच नोकरी धरली, तेव्हा ते महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. त्यामुळे हे फ्रेंच काम घरी आलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा खूश होईल. जवसाच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास घरात परत आला तेव्हा झालेही. रोज संध्याकाळी माझ्या मागे खुर्ची टाकून बसायचे. पण पुस्तकातली चित्रं त्यांना मुळीच पसंत नव्हती.

"हे कोन्या शिकाऊ मानसानं काढले गा?" ते हवेलाच विचारायचे. "नाक पाह्य. प्रमाणच येत नोतं त्याले."

"बाबा, मुद्दाम काढलंय तसं. टिंगल करून राहिला तो."

"मुद्दाम?" त्यांना ते पटतच नव्हतं. "त्याच्या घरचे लोक पाहतीन ना हे."

पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच वकिलाच्या घरचे लोक. मी हसायचे आणि पुढे रंगवत राहायचे. त्यांच्या डोक्यात चित्र म्हणजे घरच्यांनी भिंतीवर लावून हार घालायची वस्तू, हे मला ठाऊक असूनही मी ते थट्टेवारी नेलं. चूक माझीच.

सगळ्यांत आधी मी ती गॅलरीतली हसणारी बाई काढली होती आणि सगळ्यांत शेवटी तिचे दात. मधले तीन रविवार ते दात नुसते पेन्सिलीत होते. भीती वाटत होती हात घालायची. त्याचं कारण सांगायला हवं. माझे वरचे दात पुढे आहेत. थोडेथोडके नाहीत, ओठ मिटले तरी दोन बाहेर डोकावतात. शाळेत मला दाताळ म्हणायचे. हसताना हात तोंडावर नेण्याची सवय कधी लागली ते आठवत नाही. आणि घरी समोरच्या खोलीत, दाराच्या बरोबर समोर, माझ्या आईची तसबीर. मी तीन वर्षांची असताना ती काविळीने गेली. माझ्याकडे तिची एकही आठवण नाही. जे आहे ते एवढंच, बाबांनी काढलेलं. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, आणि मिटलेले, नाजूक, जरासे हसरे ओठ. देखणी बाई. येणारा प्रत्येक जण आधी तिच्याकडे बघायचा, मग माझ्याकडे. आत्या तर दर दिवाळीला म्हणायची, "तू कोनावर गेली वं, कोन जाने." ती प्रेमानेच म्हणायची. मला ते चाळीस वर्षं टोचलं.

म्हणून ती फ्रेंच बाई मला जवळची वाटली. तिचे दात माझ्यापेक्षा मोठे होते आणि तिने तोंडावर हात ठेवलेला नव्हता. एक हात कठड्यावर, दुसरा शेजारच्या माणसाच्या पाठीत. मी तिचे दात एकेक करून काढले, जाड पांढऱ्या रंगाने, उमरेडला निघायच्या आदल्या संध्याकाळी. आणि बाबांना बजावलं, "तीन चित्रांचं मागचं तेवढं भरून ठेवा. चेहऱ्यांना हात लावू नका." ते हो म्हणाले होते.

तर मी एका चपलेवर उभी होते. मी सगळ्यांना सोडून तिच्याकडे गेले. बाई गॅलरीत बसली होती, हात कठड्यावरच होता, पण तोंड मिटलेलं. नाजूक, जरासे हसरे ओठ.

"हिचं तोंड काहून मिटवलं बाबा?" मी विचारलं. आवाज चढलेला होता. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

बाबा ब्रश पुसत होते. मान वर न करता, चहात साखर कमी आहे म्हणावं इतक्या सहज ते म्हणाले, "दात होते ना वं तिले. तुह्या मायचंबी मिटवलंच होतं."

मी त्या बाईकडे पाहिलं, मग वर भिंतीकडे. तेच ओठ होते. एकाच हाताने दोन बायकांना घातलेले एकच ओठ. मी चाळीस वर्षं ज्या चेहऱ्याला आई म्हणत होते, परीक्षेला जाताना ज्याच्या पाया पडत होते, तो सुधारून मिळालेला होता.

"आईले दात होते?" मी विचारलं. किती मूर्ख प्रश्न.

"होते ना. पुढं होते." आता त्यांनी वर पाहिलं आणि माझ्या तोंडाकडे पाहून त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. त्यांनी ब्रश खाली ठेवला.

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या काकू दारापर्यंत येऊन परत गेल्या. फोटो कुठे आहे म्हणून मी लोखंडी कपाट उपसलं. फोटो नव्हता. बाबा म्हणाले, कोणाच्यातरी लग्नातला एकच ग्रुपफोटो होता, त्यात आई मागच्या रांगेत हसत होती, चेहरा नखाएवढा. त्याच्यावरून तसबीर झाली आणि वर्षश्राद्धाला बाबांनी तो फोटो अंभोऱ्याला नदीत शिरवला, अस्थी सोडतात तसा. "एका मानसाचे दोन चेहरे घरात ठेवत नाईत," ते म्हणाले. गिऱ्हाइकांनाही ते हेच सांगत आले होते. गिऱ्हाइकांनी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. यांनी स्वतःचं मात्र ऐकलं.

"पण काहून?"

त्यांनी उपसलेल्या कपाटाचं दार लावून घेतलं. मग म्हणाले, "तिलेच आवडत नोतं. हसली का पदर घे तोंडावर. म्या म्हटलं, आता हे कायमचं भितीवर राहीन. पदर कोन धरन?"

राग तर ओसरत नव्हता, आणि समोर बसलेला हा चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस त्यात मावतही नव्हता. "आणि मी?" मी म्हटलं. "मी हात धरूनच आहो ना बाबा, चाळीस वर्षं. एकदा सांगायचं होतं, मायवर गेली म्हनून."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की हे त्यांना खरोखर कधी सुचलंच नव्हतं. मला वाटतं तो दिवस त्यांच्यासाठीही तेवढाच वाईट होता.

संध्याकाळी मी आत्याला फोन केला. आत्या बाबांहून दोन वर्षांनी लहान, पण तोंडाचं पार बोळकं झालेलं, फोनवर निम्मे शब्द हवेत जातात. मी सरळ विचारलं, आईला दात होते का. ती म्हणाली, "होते थोडेसे."

"थोडेसे म्हणजे किती?"

"गेलेल्या मानसाचे दात काय मोजतं वं."

"मी तशी दिसते का आत्या?"

"आता मले कुठं आठवते, बाई. घरात शिरलं का ते तसबीर दिसते. तेच दिसते." आणि तिने लग्नातल्या उरलेल्या बुंदीचं काय करायचं ते विचारायला सुरुवात केली.

मंगळवारी मी दुकानात सुट्टी टाकली. वेड्यासारखं वाटत होतं, पण रविवार तर येणारच होता. माझे रंग आधीचे, बरेचसे वाळलेले होते, बाबांचे ओले. टर्पेंटाइनमध्ये फडकं बुडवून मी वकिलाचं नाक हळूच पुसायला घेतलं. गुलाबी सरळ नाक फडक्यावर आलं आणि खालून माझं वाकडं नाक जसंच्या तसं बाहेर आलं. शेठचं पोट परत आलं. दाढ उपटणाऱ्याच्या कपाळावरची शीर परत आली. सात माणसं अशी परत आली. प्रत्येक वेळी मी नकळत वर भिंतीकडे बघत होते. तिथेही खाली पेन्सिलीत तोंड असणार. आधी जसं आहे तसं, मग सुधारून, बाबांची रीतच ती. पण चाळीस वर्षांचा वाळलेला रंग फडक्याने निघत नाही, आणि निघाला असता तरी पेन्सिलीसकट गेला असता. हे मला कळत होतं. तरीही एकदा स्टुलावर चढून मी फडकं त्या ओठांपासून वीतभर अंतरावर नेलंच. बाबा खाटेवरून बघत होते. नको म्हणाले नाहीत. मीच खाली उतरले.

आठवी ती हसणारी बाई. तिच्यावर फडकं फिरवलं आणि घोळ झाला. माझा जाड पांढरा रंग आतून ओलाच होता. बाबांच्या ओठांबरोबर माझे दातही निघून आले. पांढरं आणि गुलाबी एक होऊन फडक्यात गेलं आणि बाईच्या चेहऱ्यात नुसतं कोऱ्या कॅनव्हासचं भोक उरलं.

मी पुस्तकातलं चित्र समोर ठेवून पुन्हा दात काढायला बसले. जमेना. आता मला ते दात फ्रेंच बाईचे वाटत नव्हते आणि आईचे कसे होते ते ठाऊक नव्हतं. तीनदा काढले, तीनदा पुसले. शेवटी ब्रश बाबांच्या हातात दिला.

"तुम्ही काढा. तिचे काढा. जसे होते तसे."

बाबांनी खुर्ची पुढे ओढली. चष्मा पुसला. बराच वेळ कॅनव्हाससमोर ब्रश धरून बसले. मग ब्रश मांडीवर ठेवला.

"आठवून नाई राहिलं," ते म्हणाले.

मला वाटलं टाळताहेत. पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "म्याच काढलं ना ते," भिंतीकडे न बघता ते म्हणाले. "रोज तेच पाहून राहिलो. आता तिले आठवतो त हेच येते. मिटलेलं." आणि मग हळूच, "तिचं हसनं गेलं वं माह्या हातून."

सोमवारी आई माझ्या हातून गेली होती, मंगळवारी ती त्यांच्याही हातून गेली. आदल्या दिवशीपासून मी त्यांना काय काय बोलले होते, पण हे असं काही माझ्या मनात आलं नव्हतं. म्हणजे आता जगात कोणालाच माहीत नव्हतं. मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसले आणि मला रडू आलं. रडतानाही हात तोंडावर.

"हात काढ," बाबा म्हणाले.

"राहू द्या बाबा."

"हात काढ वं तोंडावरचा. हास."

"हसू येत नाही मला."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. भिंतीला टेकवलेल्या वकिलावर त्यांची नजर गेली. ज्या माणसाने आयुष्यभर कोणाच्या नाकाची टिंगल केली नव्हती, तो माणूस घसा खाकरून म्हणाला, "याले सर्दी झाली त रुमाल नाई पुरत. सतरंजी लागन."

मला हसू फुटलं. रडता रडताच फुटलं, घाणेरडं, नाक गळत. हात वर निघाला होता, पण बाबांनी ब्रशने खूण केली, थांब. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. चौकडी मारतात तसे डोळे बारीक करून, एकेक चौकोन. चाळीस वर्षांत त्यांनी माझ्या तोंडाकडे असं पाहिलं नव्हतं, आणि मीही कोणाला पाहू दिलं नव्हतं. मग त्यांनी पांढऱ्यात ब्रश बुडवला. पेन्सिल घेतली नाही. चौकडी नाही. दोन पुढचे दात, त्यातला डावा जरा उजव्यावर चढलेला, खालचा ओठ त्यांच्या मागे ओढलेला. हिरड्यासुद्धा काढल्या. काहीच सुधारलं नाही.

"अशीच होती का?" मी विचारलं.

"कोन जाने," ते म्हणाले. "असन."

रविवारी चित्रं लागली. डॉक्टर खूश होते. भिंतीवर सहाव्या जागी लागलेल्या त्या हसणाऱ्या बाईपाशी मात्र पुस्तक उघडून थोडा वेळ उभे राहिले. "ही जरा वेगळी आलीय ना? मूळची थोडी दुष्ट हसते," ते म्हणाले. मी म्हटलं, हो, रंगात तसं होतं. ते म्हणाले, असू दे, छान आहे. बाबा आले नाहीत. मी त्यांना फोनवर फोटो दाखवला, त्यांनी तो दोन बोटांनी मोठा करून बघितला आणि फोन परत दिला.

घरची तसबीर आहे तिथेच आहे. काढून टाकावी असं मनात आलं होतं. पण मग हार कोणाला घालायचा? मी आता तिच्याकडे बघते तेव्हा ओठ सोडून बघते. कामावर भाऊंना गोरं करते, शुभेच्छुकांना करते. पण परवा मालकाने एका शुभेच्छुकाचे दात सरळ करायला सांगितले, तर म्हटलं, सॉफ्टवेअरमध्ये ते होत नाही. साफ खोटं.

महिन्याभराने आत्याच्या कवळीसाठी मी तिला उमरेडहून घेऊन आले. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, घरचं कोणी असेल तर आणा. चित्रांबद्दल मी तिला काही बोलले नव्हते. बोलायचं काय, हेही मला ठाऊक नव्हतं. बाबांनी काढलं ते कोणाचं तोंड होतं, माझं की तिचं? मी तिला बाकावर बसवलं आणि काउंटरवर नाव सांगायला गेले. पोरीने फॉर्म दिला, वय विचारलं, शुगर आहे का विचारलं. मी वळले तर आत्या बाकावर नव्हती. ती भिंतीपाशी गेली होती. काठी बाकालाच टेकवलेली राहिली होती. सहाव्या चित्रासमोर ती कमरेत वाकून, मान वर करून उभी होती, आणि तिने पदर डोक्यावरून ओढून घेतला होता, घरात कोणी आलं की घ्यायची तसा.

मी जवळ गेले. तिने चित्रावरची नजर काढली नाही, फक्त माझं मनगट घट्ट धरलं.

"वैनीले इथं काहून टांगलं?" ती म्हणाली.